गुडघेदुखीवर कमी मात्रेचं रेडिएशन : कुणाला अनुभव आहे का?

निंबोणी

नमस्कार मंडळी. मी न्युरेंबर्गला राहते. आई (वय ६८) साताऱ्याला असते. तिच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे, उजवा जास्त. जिना उतरणं आणि देवापुढे बसून उठणं हे दोन्ही अवघड झालंय. तिथले ऑर्थोपेडिक म्हणतात, वाट्या बदलायची अजून घाई नको. गोळ्या पोटाला सोसत नाहीत, शिवाय ब्लडप्रेशर आहे म्हणून डॉक्टरही रोज घेऊ देत नाहीत.

आता मूळ प्रश्न. इथे आमच्या इमारतीतल्या एका जर्मन बाईंना गुडघ्यासाठीच ऑर्थोपेडिकने रेडिएशन विभागात पाठवलं. कॅन्सर वगैरे काही नाही, फक्त झीज. मी चौकशी केली तर कळलं की जर्मनीत हा उपचार नवलाचा नाही. टाच, गुडघा, खांदा, बोटांचे सांधे, सगळ्यांसाठी देतात. एका वेळी ०.५ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक), आठवड्यातून दोन-तीनदा, असं ६ वेळा मिळून ३ ग्रे. उतार पडला नाही तर ६ ते १२ आठवडे थांबून आणखी एकदा.

आई उन्हाळ्यात माझ्याकडे येणार आहे. तेव्हा हे करून घ्यावं का? भारतात कुणी घेतलंय का? आणि कॅन्सरचा धोका खरोखर किती? तज्ज्ञ मंडळींनी आणि अनुभव असलेल्यांनी लिहावं, फार मदत होईल.

शेंदरी_पहाट

वाचतेय. माझ्या सासूबाईंसाठीही उपयोगी धागा.

मु_पो_स्टुटगार्ट

मी घेतलंय, पण गुडघ्याला नाही, टाचेला. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की डोळ्यांत पाणी यायचं. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसत होतं. इनसोल, ताणाचे व्यायाम, शॉकवेव्ह सगळं करून झालं, मग डॉक्टरांनी रेडिएशनची चिठ्ठी दिली. खर्च क्रांकनकासंनं, म्हणजे इथल्या आरोग्य विम्यानं, उचलला.

प्रत्यक्ष उपचार म्हणजे पालथं झोपायचं, वर मशीन येतं, घूं आवाज होतो, संपलं. काहीही जाणवत नाही. जायला-यायलाच जास्त वेळ लागतो. गंमत अशी की कोर्स संपला तेव्हा मला काडीचाही फरक नव्हता, उलट मधे थोडे दिवस दुखणं वाढलं होतं. मी नाद सोडला होता. त्यानंतर काही आठवड्यांनी एका सकाळी लक्षात आलं की आपण लंगडत नाही आहोत. आता जवळजवळ दुखत नाही.

आईंच्या बाबतीत एक व्यावहारिक गोष्ट: व्हिजिटर व्हिसासाठी जो प्रवास विमा घेतो तो बहुतेक वेळा आधीपासूनच्या आजाराचा नियोजित खर्च देत नाही. खिशातून द्यावे लागतील. आधी लेखी अंदाज मागून घ्या.

वैनगंगा

कॅन्सर नसताना रेडिएशन? माझा ठाम विरोध. माझ्या बाबांना घशाच्या कॅन्सरसाठी लाईट दिली होती. मानेची कातडी सोलवटली, महिनोन्‌महिने गिळता येत नव्हतं. ते सगळं एका दुखऱ्या गुडघ्यासाठी स्वतःहून ओढवून घ्यायचं? जर्मनीत करतात म्हणून चांगलंच असेल असं नाही.

अस्थिर_अणू

वैनगंगाताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं. तुमची भीती अगदी रास्त आहे, पण आकडे शेजारी ठेवले तर चित्र बदलतं. मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, मुंबईत, रोजचं काम याच मशीनवर.

घशाच्या कॅन्सरला ६६ ते ७० ग्रे देतात, रोज २ ग्रे. तिथे उद्देश पेशी मारणं हाच असतो. गुडघ्याला एकूण ३ ग्रे, फार तर ६. एका वेळची मात्रा ०.५ ते १ ग्रे. एवढ्यावर कातडी सोलवटत नाही, केसही जात नाहीत.

एवढ्या कमी मात्रेला पेशी मरत नसतील तर उपयोग कसा होतो, हा पुढचा प्रश्न. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर जे दिसलंय ते असं: सूज आलेल्या जागी रक्तातल्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटतात आणि मग बाहेर पडून सांध्यात शिरतात. ०.३ ते ०.७ ग्रेच्या आसपास हे चिकटणं कमी होतं. सूज भडकवणाऱ्या मॅक्रोफेज पेशी नायट्रिक ऑक्साइड कमी बनवतात. मात्रा बरीच वाढवली की हा परिणाम उलटा फिरतो, म्हणजे सूज वाढते. म्हणूनच ‘थोडं जास्त दिलं तर जास्त फायदा’ हे गणित इथे चालत नाही. एर्लांगनच्या विद्यापीठात यावर बरंच काम चालतं, न्युरेंबर्गच्या अगदी शेजारी.

याने कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, परत उगवत नाही. झिजलेली गादी झिजलेलीच राहते. दुखणं आणि सूज यांवर काम करतं, एवढाच दावा आहे.

कोल्हापुरी_कट्टा

लई भारी माहिती. एक शंका, आमच्या पोरानं विचारली म्हणून लिहितो: आज्जी रात्री अंधारात चमकणार नाही ना? 😄

अस्थिर_अणू

पोराला सांगा, नाही चमकणार 😄 बाहेरून किरण दिले जातात, मशीन बंद झालं की संपलं. अंगात काहीही शिल्लक राहत नाही. घरी येऊन नातवाला मांडीवर घेतलं तरी चालतं.

सांध्यात खरोखर किरणोत्सारी औषध टोचण्याचा प्रकार वेगळा आहे. यट्रियम-९० किंवा ऱ्हेनियम-१८८ सारखी द्रव्यं सुईने सांध्यात सोडतात. हिमोफिलियाच्या रुग्णांच्या सांध्यात वारंवार रक्तस्राव होतो, तिथे त्याचा उपयोग करतात. या धाग्यातला विषय तो नव्हे.

गोदातीर

माझ्या आत्याने पुण्यात गुडघ्याला हेच करून घेतलं. पेन क्लिनिकमध्ये, सुया घालून, एका दिवसात घरी. बराच आराम आहे तिला. म्हणजे भारतात मिळतं की!

डॉ_काटेसावर

गोदातीर, तुमच्या आत्यांना बहुधा रेडिओफ्रिक्वेन्सी केली असणार. सुईच्या टोकाशी उष्णता निर्माण करून गुडघ्याच्या वेदना वाहून नेणाऱ्या बारीक नसा बधिर करतात. नाव सारखं असलं तरी त्यात क्ष-किरणांनी उपचार होत नाही. माझ्या ओपीडीतही हा गोंधळ नेहमी होतो.

मी नाशिकला ऑर्थोपेडिक सर्जन आहे. मूळ प्रश्नावर माझं मत स्पष्ट लिहितो. आपल्याकडे रेडिएशन विभाग कॅन्सर नसलेल्या काही आजारांवर उपचार करतातच: कीलॉइडचा व्रण (जखमेच्या जागी वाढत जाणारा जाड वण) काढल्यावर तो पुन्हा वाढू नये म्हणून, खुब्याच्या काही ऑपरेशननंतर नको तिथे हाड तयार होऊ नये म्हणून, डोळ्यांमागच्या थायरॉइडच्या सुजेसाठी. पण गुडघ्याच्या झिजेसाठी पाठवायची पद्धत आपल्याकडे नाही. मी आजवर कुणाला पाठवलेलं नाही आणि आज तरी पाठवणार नाही. याचं कारण भीती नाही, पुरावा आहे.

नेदरलँड्समध्ये नायमेखनच्या सिंट मार्टन्सक्लिनिकच्या लोकांनी २०१८ च्या सुमारास नीट चाचणी केली. गुडघ्याचे ५५ रुग्ण, वय ५० च्या वर, गोळ्या आणि व्यायाम करूनही दुखणं असलेले. निम्म्यांना ६ वेळा १ ग्रे, निम्म्यांना नुसतं मशीनखाली झोपवलं, किरण शून्य. कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. ३ महिन्यांनी खरं रेडिएशन मिळालेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना बरं वाटत होतं. खोटं मिळालेल्यांपैकी ४३ टक्के. विषय संपला असं मला तरी वाटतं.

मु_पो_स्टुटगार्ट

डॉक्टर, मग माझी टाच? आणि इथे वर्षाला हजारो लोक घेतात, त्या सगळ्यांना भासच होतो का?

डॉ_काटेसावर

भास म्हणणार नाही. तुमचं दुखणं खरंच कमी झालं. ते किरणांमुळे, काळामुळे की उपचार मिळाल्याच्या विश्वासामुळे, हे एका माणसाकडे बघून सांगता येत नाही.

आमच्याच क्षेत्रातलं उदाहरण देतो, म्हणजे मी दुसऱ्यांच्या दुकानावर टीका करतोय असं वाटायला नको. गुडघ्यात दुर्बीण घालून आतून ‘साफ’ करायचं ऑपरेशन एके काळी धडाधड होत असे. २००२ साली ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी १८० रुग्णांवर चाचणी छापली. काहींना खरं ऑपरेशन, काहींना गुंगीचं औषध देऊन फक्त कातडीवर छेद. पुढे दोन वर्षं दोन्हीकडे दुखणं सारखंच. पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला भाग काढून गुडघ्यात टोचतात, त्याचंही २०२१ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत तेच झालं: मिठाच्या पाण्यापेक्षा सरस ठरलं नाही. आणि ते इंजेक्शन आपल्याकडे गल्लोगल्ली विकलं जातंय, मोठ्या किमतीला.

आजोबा_डोंबिवलीकर

मी ७४ वर्षांचा. डॉक्टरसाहेबांचा पूर्ण आदर ठेवून लिहितो.

समजा दहापैकी चारांना बरं वाटतं, कशाने का होईना. माझ्या वयाला त्या किरणांचा कॅन्सर व्हायचा झाला तर तो पंधरा-वीस वर्षांनी होणार. पेनकिलरचा रक्तस्राव मात्र पुढच्या महिन्यात होऊ शकतो. माझे एक स्नेही गुडघ्यासाठी रोज गोळी घेत होते, कुणाला न विचारता, दुकानातून आणून. शेवटी किडनीच्या डॉक्टरांकडे जावं लागलं. तरुणासाठी जो हिशोब आहे तो म्हाताऱ्याला लावू नका. आम्हाला उरलेली वर्षं चालत-फिरत काढायची आहेत.

वैनगंगा

आजोबा, तुमचं म्हणणं पटतं. तरी एक सांगते. बाबांच्या वेळी मशीनसाठी तारीख मिळायला किती थांबावं लागलं ते मी विसरणार नाही. वऱ्हांड्यात गावोगावची माणसं सतरंज्या टाकून बसलेली असायची. त्या रांगेत गुडघेदुखीवाले आणून उभे केले तर कॅन्सरवाल्यांनी कुठे जायचं? माझा विरोध आता धोक्यासाठी नाही, यासाठी आहे.

पिंपळपान

+१ वैनगंगा. हा मुद्दा जर्मनीत उद्भवत नाही, आपल्याकडे उद्भवतो.

अस्थिर_अणू

मुद्दा खरा आहे आणि मला रोज दिसतो. एवढंच जोडतो की गुडघ्याला लागणारा मशीनचा वेळ फार कमी असतो आणि त्यासाठी अत्याधुनिक मशीन लागत नाही. साधं कोबाल्टचं मशीन पुरतं. बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) बनवलेलं भाभाट्रॉन हे तसलंच मशीन देशात बऱ्याच ठिकाणी आहे. तरीही पुरावा डळमळीत असताना कॅन्सरच्या रुग्णाआधी गुडघा घ्यावा असं मीही म्हणणार नाही.

धोक्याबद्दल निंबोणींनी विचारलं होतं, ते राहून गेलं. इथे इतिहास माहीत असावा. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, आणि थोड्याच वर्षांत डॉक्टर ते दुखऱ्या सांध्यांवर वापरू लागले होते. ब्रिटनमध्ये १९३५ ते १९५४ या काळात मणक्याच्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिससाठी (मणका आखडवणारा सांध्यांचा आजार) सुमारे १४ हजार लोकांना क्ष-किरण दिले गेले. दुखणं कमी व्हायचं, त्याबद्दल वाद नव्हता. पण कोर्ट ब्राऊन आणि रिचर्ड डॉल यांनी त्या रुग्णांचा माग काढला आणि १९५७ साली दाखवून दिलं की त्यांच्यात ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं, प्रमाण अपेक्षेपेक्षा बरंच जास्त आहे. (हेच ते डॉल, ज्यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचं नातं सिद्ध केलं.) हा उपचार इंग्लंडसारख्या देशांत जवळपास बंद पडला त्याला हे एक मोठं कारण.

मात्र तिथे अख्ख्या मणक्याला, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मज्जेला, किरण दिले होते, तेही आजच्यापेक्षा कितीतरी जास्त आणि वारंवार. प्रौढ माणसाच्या गुडघ्यातली मज्जा बहुतांशी चरबीची झालेली असते आणि आसपास पोटातलं कुठलं नाजूक इंद्रिय नसतं. त्यामुळे ६८ वर्षांच्या बाईंच्या गुडघ्याला ३ ग्रे, यात कॅन्सरचा धोका शून्य नसला तरी फार लहान आहे. खुबा किंवा खांदा असेल तर मी जास्त विचार करीन, कारण ओटीपोट आणि छाती जवळ येतात.

रानमोगरी

थोडं अवांतर. रेडॉनच्या (हा एक किरणोत्सारी वायू) गुहांबद्दल कुणाला माहीत आहे का? ऑस्ट्रियातल्या बाड गास्टाइनला एक जुना खाणीचा बोगदा आहे, सोनं शोधायला खोदलेला. त्यात गरम, दमट हवा आणि रेडॉन वायू. सांधेदुखीचे लोक छोट्या रेल्वेत बसून आत जातात आणि पडून राहतात. आम्ही फिरायला गेलो होतो तेव्हा चक्क डॉक्टरची तपासणी करून मगच आत सोडत होते. चेक प्रजासत्ताकातल्या याखिमोव्हला रेडॉनच्या पाण्यात बसवतात, तिथे तर १९०६ पासून. मेरी क्युरींनी ज्या खनिजातून रेडियम काढलं ते याखिमोव्हचंच.

फोंडेकर

म्हणजे आमच्या आजीचं वज्रेश्वरीच्या कुंडात बसणं युरोपातही चालतं तर! ती दरवर्षी जायची, वर्षभर गुडघ्यांचं नाव काढायची नाही.

पिंपळपान

@फोंडेकर, आमची आजी राजापूरच्या उन्हाळ्यावर जायची. गरम पाण्याने स्नायू सैल होतात, त्याचा आराम असतोच. सोबत चार दिवस स्वयंपाकघरातून सुटका, त्याचाही हिशोब धरा 😊

डॉ_काटेसावर

गरम पाण्याला माझी ना नाही. मात्र मधुमेह असून पायांची संवेदना गेलेल्यांनी कुंडात उतरू नये. भाजलेलं कळत नाही, पायाला फोड येतात. असे रुग्ण पाहिले आहेत.

चढाई_बहाद्दर

माझं वय ३४. कबड्डी खेळायचो, तेव्हा गुडघा मुरगळला होता. आता उजवा गुडघा अधूनमधून सुजतो, कधी अडकल्यासारखा होतो. जर्मनीत मित्र आहे. तिथे जाऊन हे करून घेतलं तर चालेल का?

डॉ_काटेसावर

नको. सरळ सांगतो, नको. जर्मन डॉक्टरसुद्धा चाळिशीच्या आतल्या माणसाला शक्यतो हे देत नाहीत. शिवाय तुमचं वर्णन झिजेचं नाही. अडकणारा गुडघा म्हणजे आतली चकती (मेनिस्कस) फाटली असेल किंवा लिगामेंटला इजा असेल. तिथे दुखणं दाबून खेळत राहिलात तर पुढे खरीखुरी झीज लवकर येईल. जवळच्या ऑर्थोपेडिकला दाखवा, गरज वाटली तर ते एमआरआय सांगतील. आणि ठरेपर्यंत मैदानापासून लांब राहा.

नमुना_पाहणी

उशिरा येतोय. संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून डॉक्टरांच्या ‘विषय संपला’ला थोडा आक्षेप.

५५ रुग्णांची चाचणी लहान असते. फार मोठा फायदा असता तर दिसला असता, हे तिच्यावरून सांगता येतं. मध्यम फायदा आहे की नाही, हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

दुसरं, २०२५ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या रेडिएशन ऑन्कॉलॉजीच्या वार्षिक परिषदेत दक्षिण कोरियाची चाचणी मांडली गेली. ३ केंद्रं, ११४ रुग्ण, सौम्य ते मध्यम झीज. तीन गट: एकूण ३ ग्रे, एकूण ०.३ ग्रे आणि खोटं रेडिएशन. सगळ्यांना ६ वेळाच बोलावलं. चार महिन्यांनी ३ ग्रेवाल्यांपैकी ७० टक्के लोकांना ठरवलेल्या निकषानुसार आराम होता, खोट्यावाल्यांपैकी ४२ टक्के लोकांना. हा फरक योगायोगाचा म्हणता येणार नाही एवढा आहे. ०.३ ग्रेवाले मधेच, ५८ टक्के, पण त्यांचा खोट्याशी फरक सिद्ध झाला नाही.

आता दोन्ही चाचण्या शेजारी ठेवून बघा. खोट्या रेडिएशनचा आकडा नेदरलँड्समध्ये ४३, कोरियात ४२. एवढ्या लांबच्या दोन देशांत जवळपास एकच! म्हणजे मशीनखाली जाणाऱ्या दहांपैकी चारांना मशीन बंद असतानाही बरं वाटतं. मला या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. ‘माझ्या मावशीला गुण आला’ हे दहापैकी चार वेळा कुठल्याही गोष्टीने ऐकायला मिळणार. त्यापुढचे तीन जण खरे की नाहीत, हा प्रश्न आहे, आणि त्यावर दोन चाचण्या दोन उत्तरं देतात.

अस्थिर_अणू

उत्तम मांडलंत सर. फरकाचं एक संभाव्य कारण: डच रुग्णांवर बाकीचे उपचार आधीच हरलेले होते, कोरियाने सौम्य ते मध्यम झीजच घेतली. शिवाय कोरियात चाचणीच्या काळात दुखलं तर फक्त पॅरासिटामॉलची मुभा होती, म्हणजे जोरदार पेनकिलरमुळे गट एकमेकांत मिसळले नाहीत. पण चार महिन्यांच्या पुढे काय होतं हे बघायला हवं.

स्टुटगार्टकर, तुमच्या टाचेचा पुरावा गुडघ्यापेक्षा बरा आहे. २०१२ साली जर्मनीतच चाचणी झाली, ६ वेळा १ ग्रे विरुद्ध ६ वेळा ०.१ ग्रे. १ ग्रेवाल्यांचं दुखणं स्पष्टपणे जास्त कमी झालं. पुढे एर्लांगनच्या लोकांनी दाखवलं की ०.५ ग्रेही १ ग्रेएवढंच काम करतं. म्हणून आता ०.५ देतात.

मु_पो_स्टुटगार्ट

धन्यवाद! टाचेला न्याय मिळाला 🙏

डॉ_काटेसावर

नमुना_पाहणी सरांचा आक्षेप मान्य. कोरियाची चाचणी माझ्या मतात थोडा बदल करते. आता मी असं म्हणेन: सौम्य ते मध्यम झीज, वय ६० च्या पुढे, गोळ्या चालत नाहीत, ऑपरेशनची वेळ आलेली नाही, अशा रुग्णासाठी हा उपचार विचारात घेण्यासारखा आहे, जिथे तो सहज मिळतो तिथे. त्यासाठी सातासमुद्रापार जाण्यासारखा मात्र अजून नाही.

आणि निंबोणीताई, तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट कुठेच दिसली नाही. आई व्यायाम करतात का? मांडीच्या पुढच्या स्नायूचा? गुडघ्याच्या झिजेवर ज्याचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे तो उपचार तोच, आणि तोच कुणी करत नाही, कारण त्याला मशीन नाही. वजनाचंही तसंच. मोजून दाखवलेलं आहे की वजन १ किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने उतरतो.

निंबोणी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईशी बोलले. व्यायामाचा कागद दवाखान्यातून मिळाला होता, तो फ्रिजवर चिकटवून ठेवलाय, एवढंच. वजन ७४ आहे, उंची पाच फूट. आणि ती अजून खाली पाटावर बसून भाजी चिरते!

एक शंका आहे. दुखत असताना व्यायाम कसा करायचा? तिला वाटतं, चाललं की गादी आणखी झिजणार, म्हणून ती हालचालच टाळते.

डॉ_काटेसावर

ही समजूत घरोघरी आहे आणि तिने फार नुकसान होतं. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. हालचालीने सांध्यातलं पाणी फिरतं, त्यातूनच तिचं पोषण होतं. हालचाल बंद की स्नायू वाळतात आणि सगळा भार सांध्यावर येतो.

सुरुवात खुर्चीत बसून. पाय समोर सरळ करायचा, मांडी आवळायची, मनात पाच अंक मोजायचे, सोडायचं. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. ते जमू लागलं की खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवळलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं तर प्रमाण कमी करायचं, बंद नाही. पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली केलं तर उत्तम.

पाट काढून टाका, ओट्याशी उंच स्टूल ठेवा. कमोड नसेल तर तो आधी बसवा. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी धरायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. पोटाला गोळ्या सोसत नाहीत ना, मग डायक्लोफेनॅकचं जेल लावून बघायला त्यांच्या डॉक्टरांना विचारा. ते पोटात फारसं जात नाही.

आजोबा_डोंबिवलीकर

मांडी आवळायचा व्यायाम मी टीव्हीवर बातम्या बघताना करतो. जाहिराती लागल्या की सुरू. ताईंना ही वेळ सुचवून बघा, विसरायला होत नाही.

वैनगंगा

निंबोणी, आईच्या फ्रिजवरचा तो कागद जरा मोठ्या अक्षरात लिहून काढा. माझ्या आईने छापील बारीक अक्षरांचा कागद कधी वाचलाच नव्हता, आणि आम्ही समजत होतो तिला कंटाळा आहे.

निंबोणी

वैनगंगाताई, अगदी! आजच भावाला सांगते.

ठरवलंय ते असं. आतापासून ती इथे येईपर्यंत व्यायाम आणि जेल. सातारच्या फिजिओकडे भाऊ घेऊन जाईल. इथे आल्यावर ऑर्थोपेडिकला दाखवू, एक्स-रेवर झीज किती आहे ते बघू. मध्यम असेल आणि तोवर उतार नसेल तर एर्लांगनला रेडिएशनबद्दल विचारू. उजव्या एकाच गुडघ्याला, ०.५ च्याच मात्रेने. आईला विचारलं तर म्हणाली, “यंत्राखाली झोपायला मी तयार आहे, पण पाट सोडायला नाही.” त्यावर काम चालू आहे.

शेंदरी_पहाट

सासूबाईंचा प्रश्न विचारायचा राहिला. त्यांना गुडघा नाही, अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. पोळ्या लाटताना, बरणीचं झाकण उघडताना. बोटांच्या पेरांवर गाठीही आहेत. त्यांना या रेडिएशनचा उपयोग होईल का?

अस्थिर_अणू

हातासाठीही त्याच डच मंडळींनी चाचणी केली होती, ५६ रुग्ण. खऱ्या रेडिएशनने २९ टक्के लोकांना बरं वाटलं, खोट्याने ३६ टक्के लोकांना. कोरियाची चाचणी फक्त गुडघ्याची, तिचा निकाल हाताला लावता येणार नाही. त्यामुळे हातासाठी आज तरी नको म्हणेन.

डॉ_काटेसावर

सहमत. शेंदरी_पहाट, आधी एकदा रक्त तपासून आमवात नाही ना याची खात्री करा, विशेषतः सकाळी बोटं तासभर आखडलेली राहत असतील तर. त्याचा उपचार पूर्ण वेगळा असतो आणि उशीर केला तर सांधे वाकडे होतात. साधी झीजच असेल तर अंगठ्याचा स्प्लिंट (आधाराचा पट्टा) मिळतो, तो रात्री बांधून झोपायचं. आराम हळूहळू पडतो, काही महिने धीर धरा. आणि लाटणं जाड मुठीचं घ्या, बारीक लाटण्याने अंगठ्यावर ताण येतो.

शेंदरी_पहाट

सकाळी आखडतात बोटं, पण तासभर नाही, चहा होईपर्यंत मोकळी होतात. तरी तपासून घेते. स्प्लिंट उजव्या हाताला मापाने घ्यावा लागतो का?

डॉ_काटेसावर

हो, डाव्या-उजव्याचा वेगळा असतो. मनगटाचा घेर मोजून न्या, आणि दुकानात घालून, अंगठा आणि पहिलं बोट यांची चिमूट करता येते का ते बघून मगच घ्या.